निमंत्रकाच्या नावाखालची ओळ

जळकोटच्या बसस्टँडमागं आनंदराज सोनकांबळेचा छापखाना आहे. तिथं एकोणीस वर्षांपासून प्रुफं तपासायला मी, ग्यानोबा, बसतो. माणसं स्वतःच्या नावाखाली काय छापून घेतात, याची नोंद मी एका वहीत ठेवली आहे. गुरुपादप्पा थोरल्या लेकीच्या लग्नपत्रिकेत 'प्रगतशील शेतकरी' होते, मधलीच्या वेळी 'युवा नेते' झाले, धाकटीच्या वेळी 'भावी सभापती'. तेव्हा वय एकसष्ट. आमच्याकडं निमंत्रकाचं नाव उघडं ठेवत नाहीत. खाली एक ओळ लागतेच.

या उन्हाळ्यात आनंदराजची लेक धम्मप्रिया नायब तहसीलदार झाली. तिच्या सत्काराची पत्रिका अर्थात इथंच छापायची होती. समितीचे अध्यक्ष रामलिंगअप्पा प्रूफ बघायला आले. त्यांच्या स्वतःच्या नावाखाली चार ओळी होत्या. शेजारी 'आनंदराज सोनकांबळे', आणि खाली कोरं.

"हे काय? पोरीच्या बापाच्या नावाखाली काहीच न्हाई?"

"काय टाकू अप्पा? दहावी नापास माणूस. आपल्याला कुठलं पद हाय?"

"उद्योजक टाक. सायबिणीचा बाप हायस, काहीतरी शोभायला पायजे."

आनंदराजनं लोकांना हजारो पदव्या छापून दिल्या. स्वतःची ओळ आली तर बोटं कीबोर्डवर थांबली. "त्यापेक्षा माझं नावच काढून टाकतो," तो म्हणाला. "स्टेजवर बी मी येत न्हाई. मागं जेवणाकडं बघतो."

धम्मप्रिया दारातच उभी होती, हातात आमच्यासाठी आणलेला चहा. तिनं किटली खाली ठेवली.

"अप्पा, बेंजामिन फ्रँकलिन ठाऊक हाय का?"

"हाव की! अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. शंभर डॉलरच्या नोटेवर फोटो हाय."

"नोटेवर फोटो हाय म्हणून सगळ्यांना तसंच वाटतंय. देशाचा अध्यक्ष तो कधी झालाच न्हाई."

अप्पांनी माझ्याकडं बघितलं. मी प्रुफात डोकं घातलं.

"मेणबत्त्या-साबण करणाऱ्याचं पंधरावं लेकरू," ती सांगू लागली. "शाळा उणीपुरी दोन वर्षं. बारा वर्षांचा असताना भावाच्या छापखान्यात लागला. पोहायला हातात धरायच्या फळ्या त्यानं पोरवयातच बनवल्या. पुढं विजेचे प्रयोग केले, फ्रान्समधी देशाचा वकील, म्हंजी राजदूत झाला."

"लई थोर माणूस," अप्पा म्हणाले.

"सगळाच थोर न्हाई. घरात गुलाम ठेवले, पेपरात गुलामांच्या विक्रीच्या जाहिराती छापल्या. म्हातारपणी मात्र गुलामगिरी बंद करा म्हणून संसदेला अर्ज केला."

"आता हे कशाला सांगायलीस बाई?"

"माणूस सांगायचा तर सगळा सांगावा, अप्पा. पण मला ध्यानात राहिलं ते त्याचं मृत्युपत्र. एवढी मोठमोठी पदं, पण नावामागं पहिला शब्द काय लिहिला? मुद्रक. राजदूतपण, एका राज्याचं अध्यक्षपण, सगळं त्याच्यानंतर." ती आनंदराजकडं वळली. "पप्पा, मी पोस्टरांच्या रद्दीच्या पाठीवर गणितं सोडवली. तुमचं नाव काढलं तर मी बी येत न्हाई सत्काराला."

आनंदराजनं चष्मा काढून पुसला, पुन्हा पुसला. आमच्या प्रत्येक पत्रिकेच्या तळाला 'मुद्रक' हा शब्द असतो, इतका बारीक की मीसुद्धा तो तपासत नाही. त्यानं तोच तिथून उचलला आणि स्वतःच्या नावाखाली आणून ठेवला.

"साइज किती ठेवू?" त्यानं विचारलं, मला नाही, लेकीला.

"अप्पांच्या ओळींएवढाच."

रामलिंगअप्पांनी प्रूफ जवळ ओढलं. म्हणाले, "माझ्या चार ओळी जास्त दिसायल्यात का रे ग्यानोबा?"

"दोन जास्त हायत अप्पा."

"बरं, दोन काढ."

सत्काराच्या दिवशी पत्रिकेवरचं बघून सूत्रसंचालकानं पुकारलं, "मुद्रक आनंदराज सोनकांबळे!" आनंदराज पहिल्या रांगेतून उठला आणि सरळ स्टेजवर गेला. शर्ट नवा होता, नखांत शाई तशीच. शाल घेताना त्यानं हात लपवले नाहीत.

सत्काराला गुरुपादप्पाही होते; आठवड्यानं ते नातवाच्या बारशाची पत्रिका घेऊन आले. नावाखाली नुसतं 'शेतकरी'. मी वहीत नोंद केली, आणि पुढं पहिल्यांदाच शेरा लिहिला: बरोबर आहे.