शालूबाईंची दोरी

"मावशी, तेवढी ती जांभळी साडी काढता का? मागचं काय दिसंना झालंय."

चित्रकलेच्या कॉलेजातला ऋतुराज गच्चीत स्टूल टाकून बसला होता. तानाबाईंनी कपाटातली लग्नातली साडी, धुतलेलीच, पुन्हा धुऊन मुद्दाम त्याच्या नाकासमोर वाळत घातली होती. मागे शेजारणीची, शालूबाईंची, दोरी होती आणि पोराला चित्र त्या दोरीचं काढायचं होतं.

"कापडंच हायत की ती. त्यात काय बघायचं?"

"व्हय, पण घातल्यात कशी बघा की!"

शुक्रवार पेठेत राहायला आल्यापासून तानाबाई दुसरं काय बघत होत्या? काठाला काठ, पांढऱ्याशेजारी फिकट, मग गडद. वारा आला तरी रांग मोडत नसे. घरोघरी नुकतीच केबल आली होती, तरी सासवा नव्या सुनांना आधी देवळात नेत आणि मग ही गच्ची दाखवत. तानाबाईंची दोरी म्हणजे खच्चून भरलेली कागलची शेवटची एसटी. त्यांनी चिमटे बदलले, नीळ बदलली, नवरा बदलणं राहिलं.

दुपारी ऋतुराज जेवायला गेला आणि वावटळ आली. शालूबाई दळण आणायला गेल्या होत्या. त्यांची दोरी खिळ्यासकट उपटून आली. तानाबाईंना पहिल्यांदा जे वाटलं, त्याला दुःख म्हणता येणार नाही. मग लोक काय म्हणतील म्हणून त्या कपडे गोळा करू लागल्या.

चादर उचलली, तर ती चादर नव्हती. दोन जुनी धोतरं मधोमध जोडलेली. साडीला आतून दुसऱ्याच साडीचा तुकडा. सदऱ्याच्या पाठीला ठिगळ. कापडगिरणी बंद पडल्यापासून शालूबाईंचे मालक आकाराम घरी बसून आहेत, हे पेठेला ठाऊक होतं. दोरीवर ते कधी दिसलं नव्हतं. प्रत्येक घडी अशी पडे, की जोड आत जाई.

"गरिबीबी हिलाच वाळत घालाय येती," तानाबाई पुटपुटल्या, आणि त्यांचा पुन्हा जळफळाट झाला.

खिळा ठोकून, दोरी ताणून त्या एकेक कापड झटकून घालू लागल्या. ठिगळ आत, काठ बाहेर. घाम निघाला. स्वतःच्या दोरीसाठी त्यांनी एवढा जीव कधी ओतला नव्हता.

पिठाचा डबा कमरेवर घेऊन शालूबाई जिना चढून आल्या. दोरी बघून थांबल्या.

"तुम्ही घातलासा व्हय?"

"वाऱ्यानं पडल्यालं. म्या काय बघितलं न्हाय."

कुणी विचारलं नव्हतं.

शालूबाईंनी डबा खाली ठेवला. टोकाचा एक चिमटा काढला, धोतराचा कोपरा बोटभर आत मुडपला आणि चिमटा परत लावला.