बुडाला भोक असलेला प्याला

मी एक जुना पितळी प्याला आहे, मित्रांनो, आणि माझ्या बुडाला भोक आहे. हसायचं तर आधी हसून घ्या. साखरा गावातल्या शाळेची सगळी पोरं हसली, तुम्हीच का मागं राहावं?

माझ्या पोटात मधोमध वसुदेव उभा आहे. त्याच्या डोक्यावर टोपली आणि टोपलीत बाळकृष्ण. ज्या तांबटाने मला घडवलं, त्याने वसुदेवाच्या अंगात एक वाकडी नळी लपवली आणि तिचं टोक बुडाच्या भोकाला जोडलं. माझ्यात पाणी ओता, ते चढत जातं, थेंबही गळत नाही. पण कृष्णाच्या पायाला पाणी लागलं रे लागलं, की भस्सकन सगळं खाली! एकदा सुटलं की बूड कोरडं होईपर्यंत थांबतच नाही. यमुना ओसरली ती अशीच, असं गुरुजी सांगायचे.

गुरुजी म्हणजे ग्यानबा गुरुजी. हिंगोलीच्या बाजारातून त्यांनी मला आणलं आणि तीस वर्षं पिशवीत घालून शाळेत नेलं. "गुरुजी, आजूक एकदा!" असा गलका झाला की माझी छाती फुगायची. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मला भारी ऐट होती.

पुढे गुरुजी निवृत्त झाले आणि मी स्वयंपाकघरातल्या मांडणीवर आलो. त्यांच्या सुनेने, शालूबाईने, मला एकदा काठोकाठ भरायला घेतलं आणि सगळा ओटा ओला झाला. तिचा नवरा भागवत मोठा कामसू. मोटारीच्या पाइपाला लावून उरलेलं एमसील त्याने माझ्या भोकात कोंबलं आणि म्हणाला, "घे, आता थेंब गळायचा न्हाई." आणि खरंच गळेना! तेव्हापासून शालूबाई माझ्यात लसूण ठेवू लागली. लसणाच्या वासाची सवय होते हो, पण बिनकामाचं पडून राहण्याची काही होत नाही.

आता भागवतच्या लेकीचं, मंजुषाचं ऐका. ती नांदेडला गणितात संशोधन करते. दोन वर्षांपूर्वी गुरुजींच्या हृदयाचे ठोके चुकायला लागले, छातीत यंत्र बसवावं लागलं. जीव वाचला, पण एवढे बोलके गुरुजी गप्प झाले. बाजेवर बसून सारखे आपलंच मनगट चाचपायचे. ते पाहून पोरीने हट्ट धरला की आबांचा ठोका पडतो तरी कसा, हे मी गणितात मांडणार.

ती सांगायची ते मी मांडणीवरून ऐकलंय. हृदयात ठोक्याची चाल धरणाऱ्या बारीक पेशी असतात. त्या एकेका पेशीत कॅल्शियमचं कोठार असतं. कोठारातून कॅल्शियम थोडं थोडं झिरपतं, मग एकदम दारं उघडतात आणि लोंढा सुटतो. नंतर पेशीतले पंप ते उचलून पुन्हा कोठारात भरतात. भरणं, सुटणं, भरणं, सुटणं, जन्मभर. मंजुषाने हे समीकरणांत बसवलं होतं. गणित बरोबर असेल, तर लॅपटॉपवरची रेघ ठोक्यासारखी वर-खाली व्हायला हवी होती.

रेघ हलेना. जराशी चढायची आणि सपाट पडायची. असे आठ महिने गेले. सोमवारी तिच्या मार्गदर्शक करुणा मॅडमना काम दाखवायचं होतं, आणि रविवारी दुपारी ही गावाकडे ओसरीवर लॅपटॉप मांडून डोळे पुसत बसलेली.

"काहून रडून राहिली गं?" शालूबाईने विचारलं.

"न्हाई रडत," असं म्हणत ती आणखीच रडली. "माय, उद्या मॅडमला सांगते, माझ्यानं होत न्हाई. सोडून देते सगळं."

बाजेवरून गुरुजींचा आवाज आला. कितीतरी दिवसांनी आला. "पोरी, तुझं गणित मला पाण्यात सांग."

"पाण्यात?"

"व्हय. चौथीच्या लेकराला सांगावं तसं."

मंजुषाने नाक पुसलं. "आबा, पाणी चढलं की दार उघडतं. उतरलं की मिटतं."

"कितीक उतरल्यावर?"

"जिथं उघडलं, त्याच्या जरा खाली गेलं की लगेच."

"मंग ते जरा उघडंल, जरा मिटंल, अन् पाणी जिथल्या तिथं राहील की गं! तुझी रेघ हलंल कशाला?" गुरुजी सरळ होऊन बसले. "शालू, माझा प्याला आण!"

अहाहा! त्या हाकेनं माझा काळवंडलेला जीव लख्ख झाला. शालूबाईने लसूण परडीत ओतला आणि मला आणलं. गुरुजींनी पाणी ओतलं. कृष्णाचे पाय बुडाले, टोपली बुडाली, पाणी काठावरून गुरुजींच्या धोतरावर सांडलं. मी काही ओसरलो नाही. लाजेनं मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"बाबा, फुटका होता तो," दारातून भागवत अभिमानाने म्हणाला. "मीच बुजवला."

"अरे बाबा! तीस वर्षं ज्या भोकावर पोरं शिकवली, तेच बुजवलंस व्हय रं!"

भागवत आत गेला. दाभण घेऊन आला आणि मला पालथा घालून टोकरत बसला. खपली निघाली. पहिल्यांदा ओतलं तर नुसतं ठिबकलं, सगळ्यांचे चेहरे पडले. त्याने नळीत तार फिरवली, मला पिंपाखाली धरलं आणि तोटी बारीक सोडली. पाणी चढलं, कृष्णाच्या पायाला लागलं, आणि भस्सकन!

"माय गं!" मंजुषा ओरडली.

तोटी चालूच होती. मी पुन्हा भरलो आणि पुन्हा रिता झालो. धार एकसारखी, तरी मी ठोक्यासारखा भरत होतो, सांडत होतो.

"उघडतं पायापाशी, मिटतं बुडापाशी," मंजुषा पुटपुटली. "मी दोन्ही एकाच जागी धरलं होतं. दाराला मिटायला उशीर लागतो, आबा! त्या उशिराचं वेगळं समीकरण पाहिजे."

ती लॅपटॉपकडे धावली. तासभर कोणी तिला चहालासुद्धा हाक मारली नाही. मग रेघ चढली, पडली, पुन्हा चढली. गुरुजींनी एका हाताने स्वतःचं मनगट धरलं आणि रेघेकडे बघत मोजू लागले, "एक... दोन... तीन..." मोजता मोजता हसले. भागवतने तोंड फिरवून डोळे पुसले.

सोमवारी मंजुषाचा फोन आला. करुणा मॅडम म्हणाल्या होत्या, "आता खरं काम सुरू झालं." आबांचा ठोका का चुकतो, ते अजून पुष्कळ दूर आहे. पण पोरगी आता त्याच वाटेवर आहे आणि मीही नांदेडला तिच्या टेबलावर आहे.

मित्रांनो, मला घासूनपुसून ठेवा असं मी म्हणणार नाही. लसूणसुद्धा ठेवा हवं तर. एवढंच करा, कोणाचं भोक बुजवायच्या आधी ते कशासाठी पाडलंय, हे एकदा घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा.