मोठं खाली, बारकं वर

मित्रांनो, मी एक जुना तक्ता आहे. तक्ता म्हटलं की तुम्हाला प्राण्यांचा किंवा फळांचा तक्ता आठवेल. त्यांचं बरं असतं. त्यांच्यात हत्ती असतो, आंबा असतो. माझ्यात फक्त अक्षरं आहेत. वर एक भलं मोठं, आणि खाली ओळीओळीने बारीक होत गेलेली. ग. म प. त र ल. च न व स. यांचा अर्थ काय, असं विचाराल तर काही नाही. मी डोळे तपासायचा तक्ता आहे. मला वाचून आजवर कुणी शहाणं झालेलं नाही.

माझा जन्म १९७४ साली नाशिकच्या एका छापखान्यात झाला. त्या दिवशी माझ्याआधी तिथे लग्नपत्रिका छापल्या होत्या. त्यांची शाई ओली होती आणि मला त्यांच्यावरच ठेवलं. त्यामुळे माझ्या पाठीवर ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ असं पुसट उमटलेलं आहे. कुणाचं लग्न होतं ते कळलं नाही. पुढे मला पुठ्ठ्यावर चिकटवलं, कडांना पत्र्याची पट्टी मारली, वर दोरी बांधली आणि मी सरकारी झालो.

सरकारचा हुकूम असा होता की, प्रत्येक शाळेत प्रत्येक मुलाची वर्षातून एकदा आरोग्य तपासणी झालीच पाहिजे. उंची, वजन, दात आणि डोळे. त्यासाठी शाळेत वजनकाटा असावा, प्रथमोपचार पेटी असावी आणि मी असावा. म्हणून आम्ही तिघं एसटीच्या टपावर बसून चांदवडच्या आतल्या बाजूला एका गावच्या शाळेत आलो.

शाळेत चार इयत्ता होत्या, खोली एक होती आणि गुरुजीही एकच होते, सावळीराम गुरुजी. माणूस फार प्रामाणिक. सरकारी वस्तू खराब होऊ नये म्हणून त्यांनी प्रथमोपचार पेटी पहिल्याच दिवशी कपाटात घालून कुलूप लावलं आणि किल्ली घरी ठेवली. ज्याला लागायचं, तो गुरुजींच्या घरी जाऊन येईपर्यंत त्याचं रक्त थांबलेलं असायचं. त्यामुळे पेटीचा गुण सगळ्या गावाला आला, पण पेटीला तो कधी कळला नाही.

मला मात्र समोरच्या भिंतीवर मानाची जागा मिळाली. हुकुमात लिहिलं होतं, मुलाने तक्त्यापासून वीस फुटांवर उभं राहावं. खोली सोळा फुटांची होती. गुरुजींनी मोजलं आणि वीस फुटांची खडूची रेघ बाहेर ओसरीवर मारली. तेव्हापासून आमच्या शाळेत दात आत तपासले जात आणि डोळे बाहेर.

मित्रांनो, आता मी जे सांगणार आहे त्यावरून गुरुजींना हसू नका. तपासणी म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेत आपलं एकही पोर नापास होता कामा नये, एवढंच त्यांना माहीत होतं. म्हणून तपासणीच्या महिनाभर आधी ते मुलांकडून मला पाठ करून घेऊ लागले. रोज सकाळी प्रार्थना, मग बाराचा पाढा, मग मी.

“म्हणा, ग!”

“ग!”

“म प!”

“म प!”

पहिल्या वर्षी तालुक्याचे डॉक्टर आले. ते माझ्याकडे पाठ करून टेबलाशी बसले आणि कार्डं भरू लागले. ओसरीवरून एकेक मूल माझ्या सगळ्या ओळी धडाधड म्हणत गेलं. शाळेचा निकाल शंभर टक्के लागला. दुसऱ्या वर्षी शंभर टक्के. तिसऱ्या वर्षी तालुक्याच्या सभेत शाळेला ‘निर्दोष दृष्टी’ असं प्रमाणपत्र मिळालं. ते काचेत घालून माझ्या शेजारी लावलं गेलं.

मी गावभर झालो. कांदे निवडणाऱ्या बाया मला गुणगुणायच्या. एका लग्नात नवरदेवाने उखाण्यात बायकोच्या नावाआधी माझी चौथी ओळ घातली. कुणालाच काही खटकलं नाही. उलट मागच्या रांगेतून एका म्हाताऱ्याने ‘व आधी, मग स’ अशी दुरुस्तीसुद्धा केली.

या साऱ्यात माझी एकच अडचण होती. मला झुंबर ठाऊक होती.

झुंबर चौथीत होती. सहादूची थोरली मुलगी. पाठांतरात पहिली. पण फळ्यावरचं गणित उतरवून घ्यायचं म्हटलं की तिच्या पाटीवर भलतंच काही यायचं. गुरुजी छत्तीस लिहायचे, ती सव्वीस लिहायची आणि पुढचं सगळं बरोबर सोडवायची. मधल्या सुट्टीत पोरं बाहेर पळाली की ती माझ्याजवळ यायची, स्टुलावर चढायची आणि नाक माझ्या सातव्या ओळीला लागेपर्यंत पुढे वाकायची. मग एकेक अक्षर शोधून काढायची. तिच्या नाकाचा तेलकट डाग अजून माझ्यावर आहे. सातव्या ओळीत तो विरामचिन्हासारखा दिसतो.

चार वर्षं कुणाच्या लक्षात आलं नाही ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण मी तक्ता. मला लोक वाचतात, मला बोलता येत नाही. आली का पंचाईत?

१९७९ च्या फेब्रुवारीत सहादू शाळेत आला. शेतात कांदा निघायला आला होता. त्याच्या हातात झुंबरचं नाव काढण्याचा अर्ज होता.

“गुरुजी, सही करा. पोरीच्या डोक्यात काय शिरत नाय.”

“अहो सहादू, पाठांतरात तिचा हात धरणारं पोर नाही शाळेत.”

“मंग गणितात भोपळा का?”

गेली दोन वर्षं गुरुजी स्वतःलाच हे विचारत होते.

“ध्यान नाय तिचं,” सहादू म्हणाला. “मी बांधावरून हात हालवतो, तर बघून न बघितल्यावानी करती. घरी बसंल, कांदे निवडील. हातानं चाचपून लय चांगले निवडती ती.”

“तपासणी होऊ द्या गुरुवारी. मग बघू.”

“गुरुवारी येतो मंग. दाखला घेऊनच जाईन.”

झुंबर दाराआड उभी होती. त्या दिवशी सुट्टीत ती माझ्याजवळ आली, पण स्टुलावर चढली नाही. नुसती उभी राहून म्हणाली, “गुरुवारी तरी मला चुकवू नको.” ती माझ्याशी बोलत होती की वजनकाट्याशी, ते कळायला मार्ग नव्हता, कारण तिचं तोंड वजनकाट्याकडे होतं.

गुरुवार उजाडला. या वर्षी नव्या डॉक्टरीणबाई येणार होत्या, लताबाई नावाच्या. गुरुजी फाट्यावर त्यांना आणायला गेले आणि जाताना शाळेचे शिपाई केरूनाना यांना सांगून गेले, “नाना, तेवढा तक्ता पुसून ठेवा.”

केरूनानांनी मला पुसायला उतरवलं आणि माझी पाच वर्षांची दोरी तुटली. नानांनी हातोडी घेतली, खिळा घेतला. पण आता टांगायचं कसं? नानांना वाचता येत नव्हतं. तरी ते घाईगर्दी करणारे नव्हते. त्यांनी मला भिंतीला टेकवलं, दोन पावलं मागे गेले आणि विचार केला. सगळा जन्म त्यांनी कांद्याच्या गाड्या भरल्या होत्या.

“मोठं वझं खाली, बारकं वर,” ते स्वतःशी म्हणाले. “वर जड ठिवलं तर गाडी उलथंल.”

आणि त्यांनी मला उलटा ठोकला. मोठा ‘ग’ खाली, मुंग्यांसारखी अक्षरं वर. सगळी डोक्यावर उभी. ठोकताना हातोडी अंगठ्यावर बसली. पेटीची किल्ली गुरुजींच्या घरी होती, म्हणून नानांनी अंगठा मुंडाशाच्या शेवात गुंडाळला आणि माझ्याकडे समाधानाने पाहिलं. मला उलटं टांगण्याइतक्या काळजीने सरळ कुणी टांगलं नव्हतं.

डॉक्टरीणबाई हातातली कार्डं चाळतच आल्या. टेबलाशी, माझ्याकडे पाठ करून बसल्या. गुरुजी ओसरीवर रांग सांभाळायला उभे राहिले. तिथून त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मला धक्का बसला. गुरुजींनाही मी दिसत नव्हतो! चार वर्षं माझा धडा त्यांनाही नुसता येत होता.

पहिला गोटीराम. रेघेवर उभा राहिला, तोंड उघडलं आणि ते तसंच राहिलं.

“वाच बाळ,” बाई म्हणाल्या.

गोटीरामचे डोळे घारीसारखे. त्याला सगळं स्पष्ट दिसत होतं, हीच त्याची अडचण. त्याने मान डावीकडे कलती केली. मग उजवीकडे. मग खाली वाकून दोन्ही पायांमधून पाहिलं.

“काय रे, दिसत नाही का?”

“दिसतं बाई. पण यंदा अभ्यास बदलला.”

बाईंनी कार्डावर ‘नजर कमी’ लिहिलं. पुढचा. तोही गप्प. पुढच्या मुलीने घाबरून बाराचा पाढा म्हटला. ओळीने अकरा मुलं ‘नजर कमी’. गुरुजींच्या सदऱ्याला घाम फुटला. काचेतलं ‘निर्दोष दृष्टी’ माझ्या शेजारी चमकत होतं. दाराशी सहादू टोपी हातात घेऊन उभा होता.

मग झुंबर आली. रेघेवर टाचा जुळवल्या, डोळे बारीक केले आणि माझ्या दिशेने तोंड करून एका दमात आठही ओळी म्हणाली. एक अक्षर चुकलं नाही.

“शाब्बास!” गुरुजी ओरडले.

“आं? आमची झुंबर?” सहादू म्हणाला.

“वा! शेवटची ओळसुद्धा?” असं म्हणत बाई कौतुकाने मागे वळल्या.

आणि त्यांनी मला पाहिलं. मी डोक्यावर उभा होतो.

बाई हसणार होत्या, हे मी समोरून पाहिलं. हसू ओठापर्यंत आलं आणि तिथेच थांबलं.

“झुंबर,” त्या हळू आवाजात म्हणाल्या, “तक्ता कसा टांगलाय गं?”

“चांगला टांगला हे बाई.”

“सरळ आहे की उलटा?”

पोरं फिसकन हसली. झुंबरने हसणाऱ्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. “सरळच… ना?”

बाई उठल्या, ओसरीवर गेल्या आणि तिचा हात धरला. “चल, आपण पुढे जाऊ. दिसला की सांग.” एक पाऊल. दोन पावलं. उंबरा ओलांडला. टेबल आलं, टेबल मागे गेलं. माझ्यापासून हातभर अंतरावर झुंबर थांबली.

“अगं बाई,” ती म्हणाली, “हा तर उलटा हे!”

“तिकडून काय दिसत होतं तुला?”

“पांढरं. समद्यांना पांढरंच दिसतं ना? पाठ असल्यावर दिसायचं काय काम?”

गुरुजींनी ओसरीच्या खांबाला हात टेकला. सहादू आत आला. “बाई, म्हंजी पोरगी ढ नाय?”

“ढ? फळा दिसत नसताना ही चौथीपर्यंत आली, सहादूभाऊ.”

“अन् मी बांधावरून हात हालवतो तवा…”

“नाही दिसत.”

सहादू गुरुजींकडे वळला. “गुरुजी, त्यो अर्ज द्या माघारी.” त्याने अर्जाची बारीक घडी घातली, टोपीत ठेवली आणि टोपी डोक्यावर ठेवली. “नाशिकला सकाळची गाडी किती वाजता असती?”

बाईंनी मला सरळ करू दिलं नाही. तसाच उलटा ठेवून त्या छडीने मधलंच कुठलंही अक्षर दाखवू लागल्या आणि दिसेल तसं पाटीवर काढा म्हणाल्या. ‘नजर कमी’वाल्या अकराही जणांनी उलटी अक्षरं हुबेहूब काढली. गोटीरामने तर माझा पत्र्याचा काठ आणि वरची पालसुद्धा काढली. साऱ्या शाळेत कमी दिसणारी आणखी दोन पोरं सापडली. शेवटी बाईंनी छडी गुरुजींकडे वळवली. “तुम्हीही या.” गुरुजी रेघेवर उभे राहिले आणि पाचव्या ओळीला खाली बघून म्हणाले, “बाई, येतं. दिसत नाही.”

त्यांनी स्वतःच्या हाताने ‘निर्दोष दृष्टी’ काचेतून काढलं आणि त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चष्मा लागणाऱ्यांची नावं लिहिली. पहिलं नाव झुंबर सहादू. शेवटचं सावळीराम गुरुजी.

पुढच्या आठवड्यात झुंबर चष्मा लावून आली. पडू नये म्हणून तो सुतळीने मागे बांधलेला. पहिल्या रांगेत बसून तिने फळ्यावरचे छत्तीस छत्तीसच उतरवले. मग मान वर केली आणि कितीतरी वेळ गुरुजींकडे पाहत राहिली.

“गुरुजी, तुम्ही वरडताना हसता व्हय?”

“बस खाली!” गुरुजी ओरडले. हसतच.

झुंबर त्याच शाळेतून चौथी पास झाली आणि पाचवीला दुसऱ्या गावच्या मोठ्या शाळेत चालत जाऊ लागली. जाता-येता बांधावरून सहादू हात हलवायचा आणि ती वाटेवरून दोन्ही हात हलवायची. हे मला गोटीरामने सांगितलं. म्हणजे त्याने वर्गाला सांगितलं, मी ऐकलं.

मित्रांनो, त्या गुरुवारनंतर आठ वर्षं मी त्या भिंतीवर तसाच उलटा होतो. पेटीची किल्ली शाळेत आली. मला पाठ करायचं बंद झालं. त्याचं थोडं वाईट वाटलं, कारण कांद्याच्या खळ्यावर बाया पुन्हा साधी गाणी म्हणू लागल्या. १९८७ साली प्लास्टिकचा नवा तक्ता आला आणि मला तसंच उलटं कपाटामागे ठेवलं. सहावी ओळ वाळवीने खाल्ली. वाळवीला मात्र दृष्टी लागत नाही, ती बरोबर मधून गेली.

तेव्हा माझं एवढं ऐका. कुणी ‘काय दिसतंय?’ असं विचारलं, तर पाठ केलेलं म्हणू नका. दिसतं ते सांगा. दिसत नसेल तर ‘नाही दिसत’ असं मोठ्याने सांगा, त्यात कुणी नापास होत नाही. आणि तुमच्या शेजारी बसणारं पोर फळ्यावरचं सारखं चुकवत असेल, तर त्याला हसण्याआधी एकदा हात धरून फळ्यापर्यंत घेऊन जा.

कधी आमच्या शाळेत आलात तर कपाटामागे डोकवा. माझ्यावरची धूळ जरूर पुसा. पण मला सरळ करू नका. सवय झाली आहे.