गुरुवारच्या दोन नोंदी

ताई औषधांच्या कारखान्यात तपासणीवर होती. सरकत्या पट्ट्यावरून गोळ्यांच्या स्ट्रिप जायच्या आणि एखाद्या खळग्यात गोळी नसली, अर्धी असली, तिचा टवका उडालेला असला, तर ती स्ट्रिप हिने उचलून लाल खोक्यात टाकायची. एकोणीस वर्षं हेच काम. बरोबरच्या बायका तिला मागे ‘भिंग’ म्हणायच्या. तिला ते माहीत होतं आणि तिला ते फारसं वाईटही वाटत नसे.

घरी ती आणि आई, दोघीच. आईजवळ ताईच्याच खात्यावरचं एक जोडकार्ड होतं, भाजी आणि औषधांपुरतं. महिन्याचा हिशेब आला की ताई तो छापून घ्यायची आणि पेन्सिलीने एकेका ओळीवर बरोबरची खूण करायची. त्या महिन्यात आठ ओळींपाशी पेन्सिल थांबली. ‘क्रीडा व मनोरंजन संकुल ०७’ आणि ‘क्रीडा व मनोरंजन संकुल २२’. दर गुरुवारी दोन्ही, सकाळी अकराच्या पुढेमागे. रकमा किरकोळ होत्या. पण किरकोळ टवकाही टवकाच.

“आई, तू स्टेडियमकडे गेली होतीस का गं कधी?”

आई चादरीची घडी घालत होती. “मी? या गुडघ्यांनी? फुटबॉल खेळायला?” असं म्हणून ती हसली आणि दुसरी चादर घ्यायला आत गेली.

ताईने जेवणाच्या सुट्टीत बँकेच्या मदत-क्रमांकावर फोन लावला. बरंच संगीत ऐकवल्यावर एक मुलगा लाइनवर आला.

“मॅडम, त्या संकुलात सगळ्यांचं बिल एकाच नावाने येतं. पार्किंग, तिकिटं, खाण्याची दुकानं, पोहण्याचा तलाव, सगळं. पुढचा आकडा म्हणजे तिथला काउंटर.”

“पण आम्ही कुणी तिथे गेलोच नाही.”

“कार्ड प्रत्यक्ष यंत्राला लावलेलं दिसतंय, मॅडम. ऑनलाइन नाही. घरातल्या कुणी नेलं असेल का? विचारून बघा. नाहीतर कार्ड बंद करून तक्रार नोंदवतो.”

“बंद नको,” ताई म्हणाली. बंद केलं की चोर सावध होणार. “आधी मी बघते.”

घरातल्या कुणी. गुरुवारी घरात येणारा एकच माणूस होता, तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. तो लिफ्ट दुरुस्त करायचा आणि गुरुवारी त्याला सुट्टी असायची. दीड वर्षापासून दर गुरुवारी तो आईला गुडघ्याच्या व्यायामाला गाडीतून न्यायचा आणि दुपारी आणून सोडायचा. ताईला त्याचं कौतुक होतं. पण लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी त्याने मॅचवर पैसे लावले होते, हेही तिच्या लक्षात होतं. धाकटी तेव्हा रडत आली होती. त्यानंतर त्याने कानाला खडा लावला, असं धाकटीच सांगायची. आता ताईच्या डोक्यात चित्र जुळत गेलं. आई आत व्यायाम करतेय, पर्स बाहेर याच्याकडे, आणि हा पठ्ठ्या स्टेडियमवर. तिने त्या व्यायामाच्या दवाखान्याचा पत्ता नकाशावर शोधला. संकुलापासून चार मिनिटांवर.

रविवारी धाकटी आणि तो जेवायला आले. ताईने ताटं उचलली, टेबल पुसलं आणि कागद त्याच्यापुढे ठेवला.

“हे काय आहे, तुम्ही सांगाल का?”

त्याने कागद वाचला. वाचायला लागावा त्यापेक्षा जास्त वेळ तो त्याच्याकडे बघत राहिला. मग त्याने आईकडे पाहिलं. आई पाण्याच्या बाटल्या भरत होती.

“ताई, मी ते कार्ड वापरलेलं नाही. एवढंच सांगतो.”

“एवढंच का? जास्त सांगण्यासारखं काही आहे का?”

“नाही.”

“तुम्ही गुरुवारी अकरा वाजता असता कुठे?”

“गाडीत. वाट बघत.”

“दोन तास? गाडीत?”

धाकटी नवऱ्याकडे बघायला लागली. “अहो, बोला ना. ताई विचारतेय.”

“बोललो मी,” असं म्हणून तो उठला आणि बूट घालायला लागला. आईच्या हातातली बाटली भरून वाहत होती, तरी नळ चालूच होता.

सोमवारी धाकटीचा फोन आला. रात्रभर ती झोपली नव्हती. नवरा अंघोळीला गेल्यावर तिने त्याचा मोबाइल पाहिला, खिसे पाहिले. “काही नाही सापडलं गं ताई. पण काही सापडू नये म्हणून ते किती जपत असतील, असंच सारखं मनात येतं.”

“तू डोळे उघडे ठेव,” ताई म्हणाली. “मी गुरुवारी रजा टाकते.”

 त्या दिवसांत आई दोनदा ताईच्या खोलीच्या दारापर्यंत येऊन परत गेली. ताईला वाटलं, जावयाच्या नावाने बोललेलं तिला सहन झालं नसेल.

गुरुवारी ताई नेहमीसारखी डबा घेऊन निघाली आणि कोपऱ्यावरून रिक्षा करून थेट संकुलावर उतरली. सामना नसलेल्या दिवशी ती जागा भलतीच ओकीबोकी दिसत होती. मोठे पडदे काळे, तिकिटांच्या खिडक्या बंद, एक माणूस यंत्राने फरशी घासतोय. चौकशीच्या टेबलाशी एक मुलगी बसली होती. ताईने कागद पुढे केला.

“बावीस म्हणजे तलावाच्या प्रेक्षक-सज्ज्याचं तिकीट,” मुलगी म्हणाली, “आणि शून्य सात म्हणजे तिथलंच कँटीन. तिकिटाशिवाय कँटीनला जाता येत नाही, म्हणून दोन्ही असतील.”

पोहण्याचा तलाव? सट्टा लावणारा माणूस तलावाच्या कँटीनमध्ये काय करेल? ताईला पटेना. मग तिला वाटलं, कुणाला भेटत असेल. कुणा बाईला. धाकटीचा चेहरा तिच्या डोळ्यांपुढे आला आणि तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला आवळली.

बाहेर पार्किंगमध्ये तिला त्याची गाडी दिसली. तो आत बसला होता. सीट मागे केलेली, तोंडावर टोपी, एकटाच झोपलेला. बाजूची सीट रिकामी होती. आणि मागच्या सीटवर आईची शाल पडली होती.

ताई तिथून वळली ती जवळजवळ पळतच. यंत्राला स्वतःचं कार्ड लावून तिने तिकीट घेतलं, जिना चढली आणि काचेच्या दारापाशी थबकली.

कँटीनमध्ये चारच टेबलं भरली होती. खिडकीजवळच्या टेबलाशी आई बसली होती. समोर निळ्या गणवेशातला एक माणूस, पाठमोरा. केस मागून विरळ झालेले. भिंतीला टेकवून ठेवलेली लांब दांड्याची जाळी. आई त्याच्या कॉलरचा उसवलेला धागा दोन बोटांनी तोडत होती. ताईने ती मान ओळखली. सहा वर्षांनी ओळखली.

तो चिम्या होता. तिचा भाऊ.

त्यांचे वडील शाळाशाळांमधून मुलांचे फोटो काढत. ते गेल्यावर त्यांचे दोन कॅमेरे कपाटात होते आणि एक दिवस दोन्ही नव्हते. चिम्याला तेव्हा नोकरी नव्हती आणि उधारी होती. ताईने एका संध्याकाळी त्याची बॅग भरून दाराबाहेर ठेवली. “या घरात एक तर हा राहील, नाहीतर मी,” असं ती म्हणाली होती. घर तिच्या पगारावर चालत होतं. आई काही बोलली नव्हती.

आता चिम्या उठला. त्याने आईच्या पर्समधून कार्ड काढलं आणि काउंटरकडे गेला.  बघ, सापडला! तिने दाराला हात लावला. पण तो सूपच्या दोन वाट्या आणि पाव घेऊन परत आला, कार्ड पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं, चेन लावली आणि पर्स आईच्या मांडीवर दिली. आईला रांगेत उभं राहवत नव्हतं. ताईने हे सगळं बघितलं, आणि आपण चेन नीट लागली की नाही तेही बघितलं, हेही तिला जाणवलं.

ती आत गेली.

“ताई,” म्हणून चिम्या ताडकन उभा राहिला. चमचा खाली पडला.

“बस. गार होईल ते.” तिने खुर्ची ओढली. “आई, केव्हापासून?”

“दीड वर्ष झालं. व्यायाम दोन महिन्यांतच संपला. जावईबापू मला इथे आणतात. आधी रोख द्यायचे, गेल्या महिन्यापासून इथे कार्डच लागतं. मीच त्यांना शपथ घातली, कुणाला म्हणून सांगायचं नाही.”

“आणि रविवारी मी त्यांना एवढं बोलले, तेव्हा तू तोंडात गुळणी धरून बसलीस.”

आईने मान खाली घातली. “बसले. चुकलं माझं. मला वाटलं, सांगितलं तर हे गुरुवार जातील.”

“म्हणून दुसऱ्याच्या संसारात आग लागू दिलीस?”

“ताई, तिला नको बोलू,” चिम्या म्हणाला.

ताई त्याच्याकडे वळली. सहा वर्षांत घोटून घोटून तयार ठेवलेली वाक्यं होती, पण तोंडून एकच प्रश्न आला. “कॅमेरे तू घेतले होतेस?”

“तू तेव्हा हे विचारलं नव्हतंस. सांगितलं होतंस.”

“आता विचारतेय.”

त्याने आईकडे पाहिलं. आई टेबलावरचे पावाचे कण गोळा करत होती. तिने हा प्रश्न त्याला कधी विचारलाच नव्हता, हे ताईला तेव्हा कळलं.

“एक मी विकला,” चिम्या म्हणाला. “छोटा. दुसऱ्याचं मला माहीत नाही.”

“माहीत नाही म्हणजे?”

“म्हणजे माहीत नाही. मी छोटा घेतला तेव्हा तो कपाटात नव्हताच. तू विश्वास ठेव किंवा नको ठेवू.”

कुठेतरी भोंगा वाजला. त्याने उरलेलं सूप उभ्याउभ्याच प्यायलं, जाळी उचलली आणि निघाला. काचेतून तो खाली तलावाच्या कडेने चालताना दिसत होता, पाण्यावरची पानं ओढत. तो एका पायाने किंचित फेंगडा चालत होता, वडिलांसारखा. 

त्याच संध्याकाळी ताई धाकटीकडे गेली. दार त्याने उघडलं. तिने चप्पल काढायच्या आधीच सांगून टाकलं, “मी तलावावर जाऊन आले. चूक माझी होती. तुम्हाला नको ते बोलले.”

धाकटी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली. सगळं ऐकल्यावर ती नवऱ्याकडे बघत तिथेच रडायला लागली. “तुम्ही मला तरी सांगायचं होतं.”

“आईंना शब्द दिला होता,” तो म्हणाला. मग ताईकडे वळून, आवाज न चढवता, “ताई, तुम्ही मला विचारलंत, त्याचं काही नाही. पैशाचं असलं की माणूस विचारणारच. पण माझ्या बायकोने माझे खिसे तपासले. ते मला विसरता येईल असं वाटत नाही.”

 ताई चहाही न घेता परत आली.

पुढचे काही आठवडे धाकटीचा नवरा आला नाही. मग ताईने सुपरवायझरकडे जाऊन गुरुवारची पाळी बदलून मागितली आणि आईला स्वतः रिक्षातून नेऊ लागली. पहिल्या गुरुवारी ती बाहेर बाकावर बसून राहिली. दुसऱ्या गुरुवारी आत गेली, पण दुसऱ्या टेबलाशी बसली. तिसऱ्या गुरुवारी चिम्याने न विचारता सूपच्या तीन वाट्या आणल्या, आणि तिसरी तिच्यापुढे ठेवली.

दुसरा कॅमेरा तिच्या डोक्यातून गेला नव्हता. चिम्या खोटं बोलतोय का? मग नेला कुणी? रात्री कपाट उघडून ती रिकाम्या फळीकडे बघायची. आत्ताही त्याच्या हातांकडे बघताना प्रश्न जिभेवर आला. हातांना औषधी पाण्याचा वास होता आणि बोटांची टोकं पांढरी, सुरकुतलेली होती.

“त्या पाण्यात औषध किती टाकतात रे?” तिने विचारलं.

चिम्याने चमचा खाली ठेवला. “ते रोज बदलतं. पोहणारे किती, ऊन किती, त्यावर. सकाळी सहाला मी नळीत पाणी घेतो, त्यात दोन थेंब टाकले की रंग येतो. पिवळा आला तर ठीक. गडद आला तर…”

तो सांगत राहिला. आई एकदा याच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत सूप पीत होती.