चिंचेनं घासलेला संगमरवर

माझ्या सुनेला भांडता येत नाही. माझ्या महेंद्रशी लग्न होऊन सात वर्षं झाली, पण वर्षालीनं एकदा आवाज चढवला असेल तर शपथ. मोठागावच्या आमच्या गल्लीत बायका टोपली ठेवायच्या जागेवरून दुपारभर भांडतात आणि संध्याकाळी एकमेकींकडे कालवण पाठवतात. ही मात्र ओठ मिटून बसते. गेले पाच दिवस तशीच बसलीय.

ती जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचं शिकलेली. मोगलांच्या संगमरवरी कबरी हा तिचा विषय. कोळ्याच्या घरात मेलेल्या बादशहांचं काय काम, असं मी लग्नातच विचारलेलं. पण मी मासळी साफ करताना ती समोर बसून सांगायची, आणि मी ऐकायची. वर नक्षीची कबर दिसते ती रिकामी, खरं माणूस खाली तळघरात. ताजमहालाचे मिनार जरा बाहेर कललेले, पडलेच तर कबरीवर पडू नयेत म्हणून. औरंगाबादचा मकबरा लेकानं आईसाठी बांधला, तर संगमरवर खाली थोडाच, वर भिंतींना चुन्याचा गिलावा.

"बघ," मी म्हटलं, "आईची वेळ आली की यांचा हात आखडतो." केवढी हसलेली.

आग्र्याला एका कारागिराकडे ती दोन महिने बसली. पाटाएवढा संगमरवर स्वतः कोरून त्यात एक फूल बसवलं. लाल अकिक खड्याच्या पाकळ्या, नखाहून पातळ, सांध्यात केस जाणार नाही. तो दगड घेऊन सोमवारी तिला मुलाखतीला जायचं होतं. एका जुन्या मकबऱ्याच्या दुरुस्तीचं काम. वर्षभर त्याच्यामागे होती.

रविवारी दुपारी घरात मी एकटी. माशाला हळद-मीठ लावता लावता उठले, आणि तशाच हातानं बोट फिरवलं त्या फुलावरून. पिवळा डाग. पाण्यानं जाईना. ताजमहाल पिवळा पडला की मुलतानी मातीचा लेप लावून धुतात, हे तिनंच सांगितलेलं. म्हटलं, माती कसली लावतात! देवाची भांडी मी चिंचेनं झळकवते, हा दगड काय मोठा लागून गेला. कोळ थापला, तासभर ठेवला, काथ्यानं घासला. डाग गेला. चकाकीही गेली. दगड खरखरीत झाला, पाकळ्यांच्या कडा उघड्या पडल्या.

"कोणी हात लावला?" वर्षालीनं आल्यावर विचारलं.

"मालननं पुसलं असेल," माझ्या तोंडून निघून गेलं.

मालन दिवा गावाहून येते, अकरा वर्षं आमची धुणीभांडी करते. सोमवारी सकाळी तिला मी दारातच झाडलं, शेजारणींच्या आणि वर्षालीच्या देखत.

"मावशी, मी त्या खोलीत गेलेच नाही."

"मग काय भुतानं घासलं?"

तिनं चपला घातल्या आणि गेली. परत आली नाही. वर्षाली तोच दगड घेऊन गेली. काम दुसऱ्याला मिळालं.

आज दुपारी मोरीत भांडी घासताना ती एकदम म्हणाली, "आई, आंबटानं संगमरवर खाल्ला जातो. आणि मालन सगळं साबणानंच घासते."

"तुला कधी कळलं?"

"रविवारीच. चिंचेचा वास येत होता."

"मग मी तिला बोलत होते तेव्हा?"

"चारचौघांत तुमचा अपमान कसा करायचा?"

माझा अपमान! अकरा वर्षांची बाई दारातून गेली, आणि ही माझा मान सांभाळत होती. आणि मी तो सांभाळून घेत होते.

तिच्या हातातलं पातेलं मी काढून घेतलं.

"वर्षाली, ऐक. तुझा दगड मी नासवला. तुझं काम मी घालवलं. खोटं बोलून मालनलाही मीच घालवलं. पण ती दारात उभी होती आणि तोंडात जीभ असून तू गप्प राहिलीस, तो गुन्हा तुझा. माझा थोरला, तुझा धाकटा. हात धू. दोघींनी दिव्याला जायचं, आणि तिच्या शेजारणींच्या देखत आधी मी बोलणार."