पत्र्याखालची खिडकी

एदुविना सकाळपासून तिसऱ्यांदा वर आली. गुडघे कुरकुरत होते, पण खाली चैन पडत नव्हतं. तुंहा या थंड शहरातल्या तिच्या घरावर भाची नोहोरा दुसरा मजला चढवत होती आणि आज न्हाणीघराची खिडकी ठरायची होती.

"आलात? गुळाचं पाणी आणलंत, की नुसतीच देखरेख?" अरिस्तोमिस्त्री भिंतीवर खडूने चौकोन आखत म्हणाला.

"आधी सांग, ही उघडते कुठे?"

"मधल्या अंगणाकडे. बाकी सगळ्या शेजाऱ्यांच्या भिंती. त्यांच्या स्वयंपाकघरात डोकावायचंय का?"

"पण अंगणावर तर तू पत्रे घालणार!"

"प्लास्टिकचे, पारदर्शक. अख्ख्या गल्लीने घातलेत. कपडे वाळतात, घर उबदार राहतं."

"मग वाफ आणि गिझरचा गॅस जाणार कुठे? अंगणातून फिरून आपल्याच खोल्यांत?"

सात महिन्यांचं पोट सांभाळत नोहोरा दारात आली. "मावशी, पुरे गं. आणि चाळीस दिवस बाळंतिणीला वारा लागता कामा नये, असं तूच बजावतेस. खिडकी बंदच राहणार की!"

एदुविनाने भिंतीला हात टेकला.

अडतीस वर्षांपूर्वी तिची बहीण एर्मिंदा अशीच बाळंतीण होती. एकोणिसावा दिवस. न्हाणीघरात नवाकोरा गॅसचा गिझर, आणि त्याचं केवढं कौतुक! थंडी तर हाडं गोठवणारी. एदुविनाने खिडकीच्या फटींत वर्तमानपत्रं कोंबली, वरून पिठाची खळ फासली, दाराखाली टॉवेल गुंडाळून ठेवला. आतून एर्मिंदाचं गुणगुणणं ऐकू येत होतं. मग येईनासं झालं. लोक म्हणाले, हृदय बंद पडलं. एदुविनाने कागद खरवडून चुलीत घातले आणि पाळण्यातली नोहोरा उचलून घेतली.

"नोहोरा, तुझी आई हृदयाने गेली नाही."

"म्हणजे?"

"गिझरच्या गॅसने गेली. खिडकी मी बुजवली होती. तिला वारा लागू नये म्हणून."

मिस्त्री थापीवरचा वाळलेलं सिमेंट नखाने काढत राहिला.

"तू?" नोहोराने विचारलं.

"मीच. या हातांनी."

नोहोराने त्या खडूच्या चौकोनाकडे पाहिलं. मग मिस्त्रीकडे वळली. "पत्रे नकोत. अंगण उघडं राहू दे. गिझर बाहेर, गच्चीवर बसवा. आणि इथे एक जाळी खाली, एक छताजवळ. कुणाला बंद करता येणार नाही अशी."

"आणि कपडे कुठे वाळवणार, ताई?"

"भिजू देत!"

तिचा आवाज फाटला. मिस्त्री खाली निघून गेला. नोहोराने मावशीकडे पाहिलंही नाही.

"अडतीस वर्षं," ती म्हणाली. "रोज माझी वेणी घालत होतीस. एकदाही सांगावंसं वाटलं नाही?"

"रोज वाटायचं."

"मग आता सांग. सगळं. ती सकाळी उठली तिथपासून."

"उठल्या उठल्या तिने आधी तुला पाळण्यातून उचललं," एदुविनाने सुरुवात केली.