खडूची फुली

ओटिली गेल्याची बातमी गावच्या कौन्सिलच्या खोलीत पोचली तेव्हा तिथे टाळ्या वाजत होत्या. तिचा नवरा त्राउगोट क्लिम्के तिसऱ्यांदा अध्यक्ष निवडून आला होता. दारात त्याच्या वाइनच्या तळघरातला गडी यांके येऊन उभा राहिला, कोपरापर्यंत द्राक्षाच्या रसाने माखलेला. मालकाचं अभिनंदन करायला आला असेल, असं लोकांना वाटलं.

"अरे, निदान हात तरी धुऊन यायचंस!" लाउबे हसत म्हणाला. लाउबेचा मळा त्राउगोटच्या मळ्याला लागूनच होता.

"बाई चौथ्या टाकीत उतरल्या आणि तिथेच कोसळल्या," यांके म्हणाला. "काढलं आम्ही वर. पण उशीर झाला."

रस आंबतो तेव्हा टाकीच्या तळाशी खराब हवा साचते, हे स्टाइनबाख गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. ती दिसत नाही आणि माणसाला ओरडायलाही वेळ देत नाही. म्हणून चोथा काढायला उतरण्याआधी दोरीला पेटती मेणबत्ती बांधून आत सोडायची. जळत राहिली तर उतरायचं, विझली तर थांबायचं. क्लिम्केंच्या तळघरात आणखी एक रीत होती आणि ती ओटिलीनेच घालून दिली होती. ज्याने मेणबत्ती सोडून पाहिली, त्याने टाकीच्या कडेला खडूने फुली मारायची. फुली दिसली की दुसऱ्याने पुन्हा तपासत बसायचं नाही.

त्या सकाळी तिसऱ्या टाकीत मेणबत्ती छान जळली होती. चौथीची फुली त्राउगोटने मेणबत्ती न सोडताच मारली. घाई होती असंही नाही. दोरी रसाने चिकट झाली होती, आणि सभेसाठी घातलेला कोट नवा होता.

"झाली का बघून?" ओटिलीने वरून विचारलं होतं.

"फुली मारलीय ना!" तो म्हणाला आणि निघाला.

तो धावत परतला तेव्हा गड्यांनी तिला पोत्यांवर निजवलं होतं. सगळे तिच्याभोवती होते. चौथ्या टाकीपाशी कोणी नव्हतं आणि कडेवरची फुली तशीच होती. त्राउगोट तिथे गेला. लोकांना वाटलं, त्याला उभं राहवत नाही, म्हणून आधार शोधतोय. त्याने बाहीने फुली पुसली. मग तो बायकोजवळ जाऊन बसला.

दुसऱ्या दिवशी शहरातून दंडाधिकारी चौकशीला आला.

"मेणबत्ती सोडली होती का?"

"आमच्याकडे मेणबत्ती सोडल्याशिवाय कोणी उतरत नाही," त्राउगोट म्हणाला.

"पण बाई उतरल्या."

दंडाधिकाऱ्याने लिहिलं: मयत व्यक्तीचा स्वतःचा निष्काळजीपणा. लिहून झाल्यावर त्याने त्राउगोटच्या खांद्यावर हात ठेवला.

दफन झाल्यावर घरी माणसं जमली. ओटिलीची धाकटी बहीण हुल्दा स्वयंपाकघरात आलेल्यांसाठी केक कापत होती. दर हंगामात ती बहिणीच्या मदतीला यायची, त्यामुळे तळघराच्या साऱ्या रीती तिला पाठ होत्या. त्राउगोट पाणी प्यायला आत आला तशी ती सुरी खाली ठेवून म्हणाली, "फुली होती का रे?"

"काय?"

"टाकीवर फुली होती का? ओटिली अशी उतरायची नाही. पाव भाजला की नाही, हे ती बुडाशी दोनदा टकटक करून बघायची. तिला तू निष्काळजी म्हणतोस?"

"मी कुठे म्हटलं? दंडाधिकारी म्हणाला."

"मी तुला विचारतेय, त्राउगोट."

"नव्हती," तो म्हणाला.

महिन्याभराने कौन्सिलच्या बैठकीत चिटणीस पेंगेली एक पत्रक घेऊन आला. प्रत्येक तळघरात लावायचं, जर्मनमध्ये आणि गावातल्या इंग्रजांसाठी इंग्रजीतही. 'मेणबत्तीशिवाय टाकीत उतरू नये. श्रीमती ओटिली क्लिम्के यांचा अंत ध्यानात ठेवावा.'

"नाव कशाला?" त्राउगोटने विचारलं.

"नाव नसेल तर वाचतोय कोण, अध्यक्षसाहेब?" पेंगेली म्हणाला. "तुम्हाला जड जात असेल तर राहू द्या."

"अरे, तिच्यामुळे चार जीव वाचतील," लाउबे म्हणाला. "तिलाही आवडलं असतं."

सगळे त्याच्याकडे मायेने बघत होते. तेव्हा बोलता आलं असतं. त्याने सही केली.

पुढच्या हंगामात तो लाउबेच्या तळघरात पिंप बघायला गेला. मागच्या बाजूला बायका द्राक्षं निवडत होत्या. एकीने उकळत्या पाण्याचं भांडं नुसत्या हाताने उचलायला घेतलं, तशी दुसरी ओरडली, "अगं, फडकं घे! क्लिम्केबाई होतेस का?" बायका हसल्या. मग एकीचं लक्ष त्याच्याकडे गेलं आणि सगळ्या खाली माना घालून कामाला लागल्या. त्यांचा राग यावा असं त्याला वाटलं, पण आला नाही. पिंप न बघताच तो बाहेर पडला आणि सरळ हुल्दाच्या घरी गेला. आज सांगायचंच, असं त्याने ठरवलं होतं.

हुल्दा अंगणात कोबी चिरत होती. त्याला बघून उठली आणि त्याला बोलूच न देता म्हणाली, "बरं झालं आलास. मीच येणार होते."

"हुल्दा, मला..."

"आधी माझं ऐक. वर्षभर मी तुझ्यावर संशय घेतला. फुली तूच मारली असशील, असं मनात यायचं. चर्चमध्ये बायकांशी भांडले. म्हटलं, माझी बहीण तशी नव्हती. आता नाही भांडत." तिने एप्रनला हात पुसले. "माणसाकडून होते चूक. तिच्याकडूनही झाली असेल. तुझी बायको गेली आणि मी तुलाच... माफ कर मला."

ती वाट बघत होती.

"असू दे," तो म्हणाला.

तिने त्याला जेवायला थांबवलं. तो जेवला.

या गोष्टीला आता सहा वर्षं झाली. त्राउगोट अजून अध्यक्ष आहे. हुल्दाला त्याने खरं सांगितलेलं नाही. दंडाधिकाऱ्याच्या कागदावर ओटिलीच्या नावापुढे जे लिहिलंय, तेही तसंच आहे.